दलाल हटवायचा की पट्टी सुधारायची? बेळगावच्या मार्केटबद्दल एका जुन्या दिवाणजीचं उत्तर

प्रश्न उचगाव भागातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आमचे वडील बटाटा आणि रताळी बेळगावला घालतात. पट्टीत, म्हणजे दलाल देतो त्या हिशेबाच्या कागदात, दर बरा दिसतो, पण हातात पैसे कमी येतात. कायद्यानं शेतकऱ्याकडून कमिशन घेता येत नाही म्हणतात, तरी कापतात. बाजार समितीचे नियम आधुनिक करायचे म्हणजे नेमकं काय करायचं? सगळा लिलाव ऑनलाइन केला तर दलाल जाईल का? की खासगी मार्केटच बरं?"

मी एकोणीस वर्षं एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दलालाकडं, दिवाणजी होतो; वजन आणि पट्ट्या लिहायचो. गेली काही वर्षं शेतकऱ्यांच्या एका कंपनीचा माल लावून द्यायचं काम करतो. म्हणजे आधी कापणाऱ्याच्या गादीवर बसलो, आता कापून घेणाऱ्याच्या रांगेत उभा आहे. माझ्या उत्तराला दोन्हीकडचा वास येणार, हे धरूनच वाचा.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण दुखणं एकच आहे. आपला माल किती भरला, किती दरानं गेला आणि मधे काय काय गेलं, हे तुमच्या वडिलांना कागदावर दिसत नाही. ऑनलाइन, खासगी, सरकारी हे सगळं त्यानंतरचं. वजन आणि पट्टी जोपर्यंत एका माणसाच्या हातात आहे, तोपर्यंत वर पत्रा असो की काँक्रीट, पाटी सरकारी असो की खासगी, फरक पडत नाही.

आता कापतात कुठं ते आकड्यांत सांगतो. समजा 40 पिशव्या बटाटा आहे, पिशवी 50 किलोची. एकूण 20 क्विंटल. दर 1,500 रुपये क्विंटल धरला तर माल 30,000 रुपयांचा. काट्यावर पिशवीमागं 2 किलो कडता, म्हणजे माती-तुटीच्या नावाची वजावट, धरला की 80 किलो गेले, उरले 19.2 क्विंटल. पट्टी बनते 28,800 ची. त्यावर 8 टक्के कमिशन 2,304. हमाली-तोलाई 400 धरू. शेतकऱ्याच्या हातात 26,096. गाडीभाडं त्यातनंच द्यायचं.

यातलं 2,304 कमिशन पट्टीवर दिसतं, म्हणून सगळे त्यावर भांडतात. 80 किलोचे 1,200 रुपये पट्टीवर कुठंच नसतात, कारण पट्टी सुरू होते तीच 19.2 क्विंटलपासून. बाजार शुल्क शंभराला 60 पैसे धरलं तर या मालावर 173 रुपये होतात, आणि तेही कायद्यानं खरेदीदाराकडून घ्यायचे असतात. गेल्या काही वर्षांत कर्नाटकात जेवढं राजकारण झालं ते बहुतेक या 173 रुपयांभोवती. 2020 साली कायद्यात दुरुस्ती करून समितीच्या आवाराबाहेर व्यवहार मोकळा केला, दीड टक्क्याचं शुल्क पैशांवर आणलं, समित्यांचं उत्पन्न कोसळलं. 2023 मध्ये सरकार बदललं, ती दुरुस्ती मागं घ्यायचं विधेयक आलं. दिल्लीचे तीन कृषी कायदे आले आणि 2021 च्या अखेरीला गेले. या सगळ्या धामधुमीत कडत्याचा 'क' कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

कडता म्हणजे सगळी लूटच, असंही नाही. बटाट्याला लाल माती चिकटून येते, रताळी ओली येतात आणि गाडीत वाळतात. वरच्या थरात मोठवड (मोठा माल) आणि तळाशी गोळी (बारका माल) भरून आणणारे शेतकरीही मी पाहिलेत, त्यातले दोन माझ्या नात्यातले आहेत. खरेदीदार इंदूरला किंवा गोव्याला माल उतरवतो तेव्हा तूट त्याच्या अंगावर येते. थोडी वजावट न्याय्य आहे. पण ती माल बघून ठरायला हवी आणि लिहिलेली हवी. आमच्याकडं ती सरसकट होती, कोरड्या मालालाही तेवढीच.

आमच्या दुकानातला काटा कसा चालायचा ते सांगतो. हमाल पिशवीला आकडा लावून काट्यावर टेकवायचा, तोलारी आकडा ओरडायचा, मी लांबड्या वहीत लिहायचो. काटा 51 आणि साडेएकावन्नच्या मधे थरथरत असायचा तेव्हाच तोलारी "एकोणपन्नास!" ओरडून मोकळा. दोन किलो त्यानं तोंडातच कापलेले. शेतकरी बाजूला उभा, त्याचं लक्ष पुढच्या पिशवीकडं. वहीत खरं वजन कधी आलंच नाही, मग पट्टीत कुठून येणार? पट्टीच्या शेवटी एक रकाना होता, 'इतर'. पहिल्या वर्षी मी मालकांना विचारलं, यात काय लिहू? ते म्हणाले, "लिही की साठ." कशाचे साठ, ते मला एकोणीस वर्षांत कळलं नाही. दुकानाचं नाव सांगत नाही. मालक गेले, आणि शेजारच्या गाळ्यांत काही वेगळं चाललेलं नव्हतं.

म्हणून माझ्या मते नियमांचं आधुनिकीकरण फाटकापासून आणि काट्यापासून सुरू व्हायला हवं. गाडी आत आली की कुणाचा माल, किती पिशव्या, कुठल्या गाळ्याला, याची चिठ्ठी. काटा इलेक्ट्रॉनिक, वजनमापं खात्याचा शिक्का असलेला, आणि प्रत्येक पिशवीचं वजन आपोआप छापणारा. तोंडानं ओरडलेला आकडा ग्राह्यच धरायचा नाही. पट्टीचा नमुना एकच, त्यात आधी पूर्ण वजन, मग 'कडता इतका, कारण हे', मग निव्वळ वजन. फाटकावरची चिठ्ठी, काट्याचा कागद आणि पट्टी हे तीन कागद जुळले नाहीत तर पट्टी बादच. यातली एकही गोष्ट नवीन शोधायची नाही. भाजीवाला पंचवीस रुपयांसाठी फोनवर पैसे घेतो, तिथं तीस हजारांच्या व्यवहाराला आपण अजून कार्बन पेपर लावतो.

आमच्या कंपनीत आम्ही गावातच शंभर किलोचा काटा घेतला. पिशवी शिवायच्या आधी वजन करून सुतळीला चिठ्ठी बांधतो. पहिल्या दोन बाजारांना मार्केटमध्ये वाद झाले, "तुमचा काटा आम्ही का मानायचा?" मग एका अडत्यानं दहा पिशव्या समोर मोजून बघितल्या. पिशवीला पाव ते अर्धा किलो फरक निघाला, तो मातीचा आणि वाळल्याचा. तेव्हापासून तो आमच्याकडून अर्धा किलोच धरतो. कायदा बदलला नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की यांच्याकडं कागद आहे.

आता कमिशनकडं येऊ. शेतकऱ्याच्या पट्टीतून कमिशन कापायचं नाही, हा नियम बरोबर आहे आणि कर्नाटकात तो आहेच. महाराष्ट्रानंही 2016 मध्ये भाजीपाला आणि फळांची अडत खरेदीदाराकडं वळवली. तरी कापतात, कारण ते नावालाच कमिशन आहे. त्यात तीन गोष्टी मिसळल्यात: माल विकून देण्याची मजुरी, उधारीचा धोका आणि उचलीचं, म्हणजे मालाच्या आधीच घेतलेल्या पैशांचं, व्याज.

उधारीचं गणित बाहेरच्यांना दिसत नाही. शेतकऱ्याला अडत्या त्याच दिवशी, फार तर पुढच्या बाजाराला पैसे देतो. गोव्याचा किंवा परराज्यातला खरेदीदार त्याला पंधरा दिवसांनी, महिन्यानं देतो. काही देतच नाहीत. माझ्या काळात एक खरेदीदार सणाच्या तोंडावर चार गाळ्यांचे पैसे बुडवून गेला. एका गाळ्याला कुलूप लागलं, त्या गाळ्याला माल घातलेल्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या घरीच पडून राहिल्या. समितीकडं त्या खरेदीदाराची अनामत होती, पण ती एका दिवसाच्या खरेदीलाही पुरली नसती. म्हणून दुसरा बदल असा हवा: खरेदीदाराची अनामत किंवा बँक हमी त्याच्या उलाढालीच्या प्रमाणात. मर्यादा संपली की त्या दिवशी त्याला बोली लावता येऊ नये. इथं संगणकाचा खरा उपयोग आहे.

उचलीचं तर आणखी अवघड. तुमच्या वडिलांची उचल आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. जूनमध्ये 50,000 उचलले, ऑक्टोबरमध्ये मालातून फेडले, तर सात टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज होतं 1,167 रुपये. हंगामात दोन लाखांचा माल घातला आणि 8 टक्के कापले तर गेले 16,000. आपल्याकडं सोसायटीचं पीककर्ज शून्य टक्क्यानं मिळतं. मग शेतकरी वेडा आहे का? नाही. सोसायटी वर्षातनं एकदा देते, उताऱ्यावरच्या सगळ्या भावांच्या सह्या मागते. अडत्या रात्री दहा वाजता दवाखान्यासाठी देतो आणि सही मागत नाही. मी स्वतः गादीवरून असे पैसे काढून दिलेत. त्यामुळं दलाल हटवा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, रात्री दहाचं काम कोण करणार? त्याचं उत्तर मिळेपर्यंत माझं म्हणणं असं की उचल वेगळ्या वहीत, व्याज वेगळं लिहून, आणि उचल घेतली म्हणून माल त्याच गाळ्याला घालायची सक्ती नको. व्याज उघड लिहिलं की अडत्यांमध्ये चढाओढ लागते. कमिशनच्या पोटात लपलं की लागत नाही.

ऑनलाइन लिलावाचं विचारलंत. कर्नाटक यात देशात पुढं होतं. 2014 पासून आपल्याकडं एकत्रित बाजार व्यासपीठ आहे, दिल्लीचं ई-नाम, म्हणजे देशभरच्या समित्या जोडणारं ऑनलाइन मार्केट, त्यानंतर 2016 च्या एप्रिलमध्ये आलं. ज्या मालाचा ढीग लावता येतो, नमुना काढता येतो आणि जो एक रात्र थांबू शकतो, त्याला हे चांगलं लागू पडतं: सुकं खोबरं, तूर, वाळकी मिरची. रुमालाखाली बोटं दाबून दर ठरवण्यापेक्षा बंद टेंडर केव्हाही बरं. पण फ्लॉवर, कोथिंबीर, ढबू मिरची यांना रात्र नसते. ती गाडी चोर्ला घाटाला वेळेत लागली नाही तर गोव्यात सकाळी विकायला माल नाही, आणि उरलेला इथं गुरांना. तिथं दहा मिनिटांत तोंडी लिलाव झालेला बरा, फक्त शेवटची बोली तिथल्या तिथं फोनवर नोंदवली जावी. बटाटा, कांदा, रताळी मधले आहेत. बुधवार-शनिवारच्या बाजाराला ढीग लागतातच, प्रतवारी गोळी, मध्यम, मोठवड अशी ठरलेली आहे, तिथं टेंडर जमू शकतं.

आणि ऑनलाइन झालं म्हणजे दर चढेल असं समजू नका. ब्याडगीच्या मिरचीला ई-टेंडर आहे, देशभरचे खरेदीदार तिथं असतात. तरी 2024 च्या मार्चमध्ये दर पडला तेव्हा शेतकऱ्यांनी समितीच्या कचेरीची मोडतोड केली, गाड्या जाळल्या. पडद्यावर दर दिसतो, तो बनतो आवक आणि मागणीवर. त्याच्या कितीतरी आधी 1981 साली निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाल्यांनी महामार्ग अडवला, गोळीबारापर्यंत गेलं, तेव्हाही भांडण दराचंच होतं. दरासाठी माणसं रस्त्यावर येतात. दोन किलोसाठी कोण येणार? म्हणून तर ते टिकून आहेत.

दराच्या आकड्यांबद्दल एक कबुली देऊन टाकतो. फळ्यावर आणि पोर्टलवर जे किमान, कमाल आणि सरासरी दर येतात, ते आमच्या काळात दुपारी एक मुलगा गाळ्या-गाळ्यांतून विचारत फिरायचा. मी वहीतून डोकं वर न काढता सांगायचो, "बाराशे, अठराशे, पंधराशे." कालचेच. पट्ट्या संगणकावर झाल्या की सरासरी आपोआप निघेल, कुणाला विचारायला नको. हा फायदा ऑनलाइन लिलावापेक्षा मोठा आहे, कारण घरी बसून तुम्ही बेळगाव, गडहिंग्लज आणि कोल्हापूर ताडून बघाल तेव्हा तो आकडा खरा असेल.

गडहिंग्लजवरनं सीमेचा मुद्दा आठवला, तो बेंगळुरात बसून नियम करणाऱ्यांना सुचत नाही. आपल्या मार्केटात चंदगड तालुक्यातला माल मोठा असतो. त्या शेतकऱ्याचा सातबारा महाराष्ट्राचा आणि बाजार कर्नाटकाचा. इथं शेतकऱ्याची नोंद 'फ्रूट्स'च्या, म्हणजे कर्नाटकाच्या शेतकरी-नोंदणीच्या, क्रमांकावर होते, तो त्याच्याकडं नसतो. उद्या फाटकावरची चिठ्ठी त्याच क्रमांकाला बांधली, तर चंदगडचा माल सरळ अडत्याच्या किंवा गाडीवाल्याच्या नावानं नोंदला जाईल आणि पैसे बुडाले तर खऱ्या मालकाकडं काहीच पुरावा उरणार नाही. मोबाइल क्रमांक आणि आधार एवढ्यावर नोंद व्हायला हवी, राज्य कुठलंही असो. भाषेचंही तसंच. पट्टी कानडीत असायला हरकत नाही, राज्याची भाषा आहे. पण आकडे सर्वांना वाचता येतील असे हवेत, आणि वजन-दर-रक्कम शेतकऱ्याच्या फोनवर त्याच्या भाषेत यावी. ई-नामचं ॲप मराठीतही आहे आणि कानडीतही, म्हणजे तांत्रिक अडचण नाही. आमच्याकडं एक म्हातारे यायचे, कानडी आकडा वाचता यायचा नाही म्हणून पट्टी घेऊन शेजारच्या चहावाल्याकडं जायचे. चहावाला वाचून दाखवायचा आणि चहा पाजायचा. चहाचे पैसे मात्र घ्यायचा.

खासगी मार्केटबद्दल मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. 2019 मध्ये कॅन्टोन्मेंट भागातलं भाजी मार्केट समितीच्या यार्डात गेलं, 2022 मध्ये खासगी मार्केट उभं राहिलं आणि यार्डातले भाजीचे गाळे ओस पडले. आंदोलनं झाली, परवान्याचा वाद झाला. त्या वादाचा निकाल मी लावणार नाही. तत्त्व एवढंच की स्पर्धा चांगली, पण नियम एक हवेत. समितीच्या आवारात काट्याची तपासणी, अनामत आणि पट्टीचा नमुना, आणि भिंतीपलीकडं यातलं काही नाही, असं असेल तर सगळे भिंतीपलीकडं जाणारच. समितीतही आणि खासगीतही फिरते तपासनीस एकच असावेत. तक्रार ऐकणारा माणूस ना गाळ्याचा मालक असावा, ना मार्केटचा. आज समितीवर व्यापारी, अडते आणि शेतकरी प्रतिनिधी बसतात आणि कडत्याची तक्रार त्यांच्याकडंच जाते. सासूविरुद्धची फिर्याद सासूकडंच.

मग कायदाच नको, म्हणणारेही भेटतात. बिहारनं 2006 मध्ये समित्यांचा कायदा रद्दच केला. खासगी गुंतवणूक धावत आली नाही, जुनी आवारं मोडकळीला आली. आपल्या भागाला नियमन 1939 च्या मुंबई कायद्यापासून माहीत आहे, आपण मुंबई प्रांतात होतो तेव्हापासून. 1966 चा कर्नाटकाचा कायदा त्याच रस्त्यानं पुढं आला. उघड लिलाव, खरं माप, लगेच पैसे, हा या कायद्यांचा गाभा आजही जुना वाटत नाही. जुनी झालीय ती वही.

हे सगळं व्हायला किती वर्षं लागतील, ते समितीवर कोण निवडून येतं त्यावर. तोवर तुम्ही घरी काय करायचं? वडिलांची उचल असेल तर आधी ती किती आहे ते विचारा, आणि ती फिटेपर्यंत गाळा बदलायची भाषा करू नका. नाहीतर पुढच्या जूनला तेच अडचणीत येतील. उचल नसेल तर पुढचा माल दोन गाळ्यांना निम्मा-निम्मा घाला, एकच प्रतवारी, एकच दिवस. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की सगळं दिसतं. घरी पिशव्या मोजून चिठ्ठ्या बांधा. काटा नसेल तर गावातल्या सोसायटीचा किंवा गिरणीचा चालेल, फक्त फोटो काढून ठेवा. काट्यावर भांडू नका, पन्नास पिशव्यांची रांग मागं असते आणि हमाल तुमच्यावरच चिडतील. बाजार उतरल्यावर, दिवाणजी चहा पीत असेल तेव्हा चिठ्ठ्या आणि पट्टी दोन्ही त्याच्यासमोर ठेवा. आवाज न चढवता विचारा, "पूर्ण वजन कुठं लिहिलंय, आणि 'इतर' म्हणजे काय?" उत्तर तोंडी घेऊ नका. पट्टीच्या मागंच लिहून मागा.